मुभा न मागणारी पत्रकारिता

एका अंड्याचे १७ ह्रिव्निया. कीव्हच्या दुकानांत तेच अंडे त्या दिवसांत सातेक ह्रिव्नियांना मिळत होते. बटाटे किलोला २२, बाजारात आठ-नऊ. जानेवारी २०२३ मध्ये युरी निकोलोव्ह या पत्रकाराच्या हाती युक्रेनच्या संरक्षण मंत्रालयाचा सैनिकांच्या शिधापुरवठ्याचा करार आला. तो १३ अब्ज ह्रिव्नियांहून मोठा होता. निकोलोव्ह यांनी त्यातले दर ‘द्झेर्कालो तिझ्निया’ या कीव्हच्या जुन्या साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केले. बाखमुत शहराभोवती रशियाशी चाललेल्या लढाईत तेव्हा रोज माणसे मरत होती. वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रे पडत होती आणि शहरे तासन्तास अंधारात होती. पाश्चिमात्य राजधान्यांत रणगाडे द्यायचे की नाही यावर चर्चा चालू होती. आपल्या सैन्याच्या मुदपाकखान्यातली लबाडी चव्हाट्यावर आणायला याहून अवघड वेळ सापडली नसती.

संरक्षणमंत्री ओलेक्सी रेझ्निकोव्ह यांनी प्रथम ही तांत्रिक चूक असल्याचे सांगितले. बातमी आली त्याच आठवड्यात त्यांचे उपमंत्री व्याचेस्लाव शापोवालोव्ह यांना राजीनामा द्यावा लागला. महिन्याभरात संसदेने कायदा केला आणि शस्त्रास्त्रे वगळता सैन्याच्या खरेदीतले दर जाहीर करणे मंत्रालयावर बंधनकारक झाले. पुढे सैनिकांच्या जॅकेटांच्या खरेदीचे प्रकरण निघाले आणि सप्टेंबरमध्ये स्वतः रेझ्निकोव्ह पायउतार झाले. लढाई चालूच होती आणि बातमीमुळे ती थांबलीही नाही. ज्या सैनिकांच्या नावावर हे पैसे खर्ची पडत होते, त्यांना आपल्या ताटात काय येते आणि त्याचे किती मोजले जातात, हे मात्र कळले.

युद्धात असलेल्या देशाची वृत्तपत्रे म्हटली की दोनच चित्रे डोळ्यांसमोर येतात, सरकारची री ओढणारी किंवा बंद पडलेली. युक्रेनची पत्रकारिता या दोन्हींत बसत नाही. ती का बसत नाही, हे समजून घ्यायचे तर जरा मागे जावे लागते. त्या देशात छापील शब्दाला मोकळीक राजाने दिली नाही, पक्षाने दिली नाही आणि पैसेवाल्या मालकानेही दिली नाही. संपादक आणि बातमीदारांनी ती वेळोवेळी स्वतःच घेतली आणि तिची किंमत चुकवली. पुढच्या पानांचा विषय हाच आहे.

आज युक्रेन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भूमीवरचे पहिले वृत्तपत्र युक्रेनियन भाषेत नव्हतेच. ल्विव्हमध्ये १७७६ साली निघालेले ते पत्र फ्रेंचमध्ये होते. युक्रेनियन भाषेचे पहिले वृत्तपत्र ‘झोर्या हालित्स्का’ हेही ल्विव्हचेच. ते १८४८ साली, ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात क्रांतीचे वारे वाहत असताना निघाले. नीपर नदीच्या काठचा मोठा भाग मात्र रशियाच्या झारच्या ताब्यात होता आणि तिथे वेगळेच चालले होते. १८६३ मध्ये गृहमंत्री वालुएव्ह यांनी गुप्त परिपत्रक काढून युक्रेनियनमधल्या धार्मिक आणि शालेय पुस्तकांवर बंदी घातली. १८७६ मध्ये दुसऱ्या अलेक्झांडरने जर्मनीतल्या एम्स या गावी मुक्कामाला असताना एका हुकमावर सही केली. त्या हुकमाने त्या भाषेतली छपाई जवळजवळ संपवली आणि परदेशातून पुस्तके आणायलाही मनाई केली. त्यामुळे पुढची तीन दशके युक्रेनियन वृत्तपत्र सीमेपलीकडच्या ल्विव्हमध्ये, नाहीतर महासागरापलीकडेच निघू शके. ल्विव्हचे ‘दीलो’ १८८० मध्ये सुरू झाले आणि काही वर्षांतच दैनिक झाले. अमेरिकेत जर्सी सिटीला स्थलांतरित कामगारांसाठी १८९३ मध्ये सुरू झालेले ‘स्वोबोदा’ आजही निघते.

१९०५ च्या क्रांतीने झारचा हात सैल झाला आणि लुब्नी या लहान गावातून ‘ख्लिबोरोब’ हे शेतकऱ्यांचे पत्र निघाले. पाचेक अंकांतच ते बंद पाडले गेले. पुढच्या वर्षी कीव्हमध्ये ‘रादा’ हे दैनिक सुरू झाले. येव्हेन चिकालेन्को नावाच्या जमीनदाराने ते आपल्या पैशावर चालवले आणि त्यापायी जमिनी विकल्या. वर्गणीदार काही हजारांच्या पुढे कधी गेले नाहीत. तोटा दरवर्षी ठरलेला असे आणि तो चिकालेन्को भरत. देशावर मनापासून प्रेम करा तसे खिशापासूनही करा, असे ते सांगत. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने ‘रादा’ला टाळे ठोकले.

सोव्हिएत काळात कागद भरपूर होता आणि पत्रेही भरपूर होती, पण बातमी नव्हती. त्याहून वाईट म्हणजे तेव्हाचे वृत्तपत्र हे शिक्षेचे हत्यार झाले होते. १९३२ च्या हिवाळ्यात धान्याचा कोटा न भरणारी गावे ‘काळ्या फळ्यावर’ टाकली जात. त्या गावांत मीठ, काडेपेटी, रॉकेल काहीही पोचू द्यायचे नाही असा हुकूम होता. या गावांची नावे वृत्तपत्रांत छापली जात. लाखो माणसे उपासमारीने मेली, पण त्यांच्या मरणाची बातमी एकाही सोव्हिएत पत्रात आली नाही. ती आणली वेल्सच्या गॅरेथ जोन्स या तरुण पत्रकाराने. मार्च १९३३ मध्ये तो खारकीव्हच्या वाटेवरच्या खेड्यांतून पायी फिरला आणि बर्लिनला पोचल्यावर त्याने पाहिलेले सारे सांगितले. दोनच दिवसांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे मॉस्को प्रतिनिधी वॉल्टर ड्युरँटी यांनी त्याला खोटे पाडणारा मजकूर लिहिला. जगाने ड्युरँटी यांचे खरे मानले. युक्रेनियन पत्रकार परदेशी बातमीदाराकडे आजही कृतज्ञतेने आणि सावधपणे पाहतात, त्यात या प्रसंगाचा वाटा आहे.

या काळातही खरे बोलणारे लोक होते आणि त्यांची नोंद व्हायलाच हवी. ल्विव्हच्या दूरचित्रवाणीत काम केलेले व्याचेस्लाव चोर्नोविल यांनी १९७० मध्ये ‘उक्राइन्स्की विस्निक’ हे बेकायदा नियतकालिक सुरू केले. टंकलिखित प्रती हातोहात फिरत. अटका, झडत्या, बंद दाराआडचे खटले यांची तारीखवार नोंद त्यात असे. दोन वर्षांनी चोर्नोविल स्वतः तुरुंगात गेले. दुसरे नाव ल्युबोव्ह कोवालेव्हस्का यांचे. त्या प्रिप्यात या अणुवीज कर्मचाऱ्यांच्या गावातल्या पत्रकार होत्या. चेर्नोबिल प्रकल्पाच्या बांधकामातली ढिलाई, सदोष सामान आणि बिघडलेले वेळापत्रक यांवर त्यांनी लेख लिहिला. तो ‘लितेरातुर्ना उक्राइना’ या लेखक संघाच्या पत्रात २७ मार्च १९८६ ला छापून आला. त्यानंतर बरोबर ३० दिवसांनी, २६ एप्रिलला, चौथी अणुभट्टी फुटली. त्यांचा लेख पाचव्या भट्टीच्या बांधकामाविषयी होता. स्फोटाचे भाकीत त्यात नव्हते, पण प्रकल्पाला रोग कुठला लागला आहे हे त्यात लिहिलेले होते. स्फोटानंतर मॉस्कोने दोन दिवसांनी चार ओळींची सूचना दिली आणि १ मे रोजी कीव्हच्या रस्त्यावर मुलांसह संचलन होऊ दिले. त्या पिढीतल्या युक्रेनियनांना सरकारी बातमीवर विश्वास ठेवू नये हे कोणी शिकवावे लागले नाही.

१९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला. दैनिके, साप्ताहिके, खासगी वाहिन्या निघाल्या. १९९४ मध्ये ‘द्झेर्कालो तिझ्निया’ आणि १९९५ मध्ये इंग्रजी ‘कीव्ह पोस्ट’ सुरू झाले. पण त्याच दशकात पोलाद, कोळसा, वायू यांचे सरकारी कारखाने मूठभर लोकांच्या खिशात गेले आणि त्या लोकांनी मोठ्या दूरचित्रवाणी वाहिन्याही ताब्यात घेतल्या. वाहिनीवर नफा होतो की नाही, याला महत्त्व नव्हते. राष्ट्राध्यक्षाशी बोलणी करताना ती हाताशी असली की पुरे होती. राष्ट्राध्यक्ष लिओनिद कुच्मा यांच्या कार्यालयातून वाहिन्यांच्या संपादकांकडे रोज लेखी सूचना येत. कोणती बातमी कोणत्या अंगाने दाखवायची आणि कोणती अजिबात दाखवायची नाही, हे त्यात लिहिलेले असे. या कागदांना ‘तेम्निकी’ म्हणत. त्यांवर सही नसे आणि शिक्काही नसे.

हा काळ ज्याने उलटवला त्या माणसाचे नाव गेओर्गी गोंगाद्झे. वडील जॉर्जियन, आई ल्विव्हची आणि जन्म त्बिलिसीचा. १६ एप्रिल २००० ला त्यांनी ओलेना प्रितुला यांच्यासह ‘उक्राइन्स्का प्राव्दा’ हे संकेतस्थळ सुरू केले. तेव्हा युक्रेनमध्ये इंटरनेट वापरणारे फार थोडे होते. छापखान्याचा खर्च परवडत नव्हता आणि कोणताही छापखाना दबावाखाली येऊ शकला असता, म्हणून त्यांनी हे माध्यम निवडले. या निर्णयाचे मोल मागाहून कळले. पाच महिन्यांनी, १६ सप्टेंबरच्या रात्री, गोंगाद्झे बेपत्ता झाले. नोव्हेंबरात ताराश्चा परिसरातल्या जंगलात शिर नसलेला मृतदेह सापडला. त्याच महिन्याच्या अखेरीस समाजवादी पक्षाचे ओलेक्सांद्र मोरोझ संसदेत उभे राहिले. राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षक दलातल्या एका अधिकाऱ्याने त्यांच्या कार्यालयात गुपचूप केलेल्या ध्वनिफिती आपल्याकडे आहेत, असे त्यांनी जाहीर केले. कुच्मा यांच्यासारखा वाटणारा आवाज त्यांत गोंगाद्झे यांचा बंदोबस्त करा असे सांगत होता. कुच्मा यांनी हे सारे नाकारले. त्यांच्यावर २०११ मध्ये ठेवलेला आरोप न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. खून करणारे पोलीस मात्र शिक्षेला गेले आणि त्यांचा वरिष्ठ ओलेक्सी पुकाच याला २०१३ मध्ये जन्मठेप झाली. माजी गृहमंत्री युरी क्राव्चेन्को जबाबाच्या दिवशीच, मार्च २००५ मध्ये, मृत सापडले. हुकूम कोणी दिला हे न्यायालयात कधीच ठरले नाही. गोंगाद्झे यांच्या देहाला माती मिळाली ती २०१६ मध्ये. त्यांच्या आईचे त्याआधीच निधन झाले होते.

संस्थापकाचा खून झाला की संकेतस्थळ बंद पडेल असा हिशोब कोणी केला असेल, तर तो चुकला. प्रितुला यांनी ते पुढे चौदा वर्षे सांभाळले आणि देशातले सर्वाधिक वाचले जाणाऱ्यांपैकी एक बनवले.

२००४ च्या निवडणुकीत मतांची चोरी झाली आणि लोक रस्त्यावर आले. त्या वेळची एक गोष्ट प्रत्येक पत्रकारिता विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. नातालिया द्मित्रुक या सरकारी वाहिनीवर कर्णबधिरांसाठी बातम्यांचे खुणांच्या भाषेत रूपांतर करीत. २५ नोव्हेंबरला निवेदिका अधिकृत निकाल वाचत असताना पडद्याच्या कोपऱ्यातल्या द्मित्रुक यांनी हातांनी वेगळेच सांगितले. हे आकडे खोटे आहेत, यांवर विश्वास ठेवू नका आणि आजवर असे खोटे पोचवावे लागले याबद्दल क्षमा करा, असे ते होते. नियंत्रणकक्षात बसलेल्यांना ते कळले नाही. ते कळले फक्त कर्णबधिर प्रेक्षकांना. त्यानंतर त्या वाहिनीच्या शेकडो कर्मचाऱ्यांनी तेम्निकीनुसार बातम्या द्यायला नकार दिला.

नऊ वर्षांनी दुसऱ्यांदा लोक जमले, त्याला निमित्त एका बातमीदाराचे आवाहन ठरले. २१ नोव्हेंबर २०१३ ला सरकारने युरोपीय संघाशी होणारा करार अडवून ठेवला. काबूलमध्ये जन्मलेले पत्रकार मुस्तफा नय्येम यांनी फेसबुकवर लिहिले की रात्री साडेदहाला स्वातंत्र्य स्मारकापाशी भेटू. लोक आले. दुसऱ्याच दिवशी ‘ह्रोमाद्स्के’ ही पत्रकारांनी स्वतः उभारलेली इंटरनेट वाहिनी सुरू झाली आणि पुढचे तीन महिने आंदोलनाच्या मैदानावरून थेट प्रक्षेपण करत राहिली.

या आंदोलनापुढे न टिकता राष्ट्राध्यक्ष विक्तोर यानुकोविच २१ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री पळाले. कीव्हच्या उत्तरेला मेझिहिर्या येथे सुमारे १४० हेक्टरांचा त्यांचा वाडा होता. तिथे शिरलेल्या पत्रकारांना पाण्यावर कागद तरंगताना दिसले. पळण्याआधी कोणीतरी हिशोबाच्या फायली जलाशयात फेकल्या होत्या. पाणबुड्यांनी दोनशेच्या आसपास फायली वर काढल्या. मग जे झाले त्याला युक्रेनियन पत्रकारितेच्या इतिहासात मानाची जागा आहे. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या संस्थांचे बातमीदार त्याच वाड्याच्या होडीघरात आणि बाष्पस्नानगृहात राहिले. त्यांनी एकेक ओला कागद पसरला, वाळवला, त्याचे छायाचित्र घेतले आणि काही दिवसांत हजारो पाने सर्वांसाठी संकेतस्थळावर खुली केली. आधी कागद वाचवू, बातम्या नंतर करू, असे त्यांनी आपसांत ठरवले होते. हातात आलेला गौप्यस्फोट बाजूला ठेवण्याइतका संयम या धंद्यात फार थोड्यांकडे असतो.

त्यानंतर सारे सुरळीत झाले असे नाही. २० जुलै २०१६ ला सकाळी कीव्हच्या मध्यवस्तीत ‘उक्राइन्स्का प्राव्दा’चे पावेल शेरेमेत गाडीतून निघाले आणि बॉम्बस्फोटात ठार झाले. ते बेलारूसचे होते आणि त्या देशाने त्यांचे नागरिकत्व आधीच काढून घेतले होते. २०१९ मध्ये संशयितांना अटक झाली, पण खून कोणी करवला याचा उलगडा न्यायालयाकडून झालेला नाही. वाहिन्यांची मालकीही धनाढ्यांकडेच राहिली. एक बदल मात्र टिकाऊ झाला. २०१६ पासून लागू झालेल्या कायद्याने सरकारी आणि नगरपालिकांच्या मालकीची शेकडो लहान वृत्तपत्रे तिथल्या कर्मचाऱ्यांच्या हाती आली. त्यांतली कितीतरी पुढे खर्च झेपेना म्हणून बंद पडली, तरी उरलेल्यांवर आता तहसीलदाराचा हुकूम चालत नव्हता. २०१७ मध्ये ‘सुस्पिल्ने’ ही सार्वजनिक प्रसारण संस्था उभी राहिली.

मालक आणि संपादक यांच्या नात्याचा सर्वांत स्वच्छ दाखला ‘कीव्ह पोस्ट’ने दिला. ८ नोव्हेंबर २०२१ ला मालकाने पत्र तात्पुरते थांबवत असल्याचे सांगून सर्वांना एकाच दिवशी काढले. संपादकीय स्वातंत्र्यात ढवळाढवळ चालल्याची तक्रार पत्रकार आधीपासून करत होते. काढलेल्यांपैकी तीसेक जणांनी तीन दिवसांत नव्या पत्राची घोषणा केली, ‘कीव्ह इंडिपेंडेंट’. संपादक म्हणून ओल्गा रुदेन्को यांना आपसांतच निवडले. वाचकांच्या ऐच्छिक वर्गणीवर चालायचे आणि लेखांना पैशाचे कुलूप लावायचे नाही, असे ठरले. अजून धड कार्यालयही नव्हते, तोच तीन महिन्यांनी रशियाने पूर्ण आक्रमण केले. जगाला अचानक कीव्हमधून इंग्रजीत लिहिणारे लोक हवे झाले. काही दिवसांत त्यांचे ट्विटरवरचे वाचक दहा लाखांच्या पुढे गेले आणि मे महिन्यात रुदेन्को ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर होत्या.

त्याच आठवड्यांत महाराष्ट्रातल्या अनेक घरांत युक्रेनच्या शहरांची नावे प्रथमच तोंडी बसली. खारकीव्ह, विनित्सा इथे वैद्यकीय शिक्षणाला गेलेली मुले तळघरांत अडकली होती आणि आईवडील रात्रभर फोन धरून बसले होते. या घरांपर्यंत येणारी बातमी बहुतेक वेळा लंडन, न्यूयॉर्क किंवा मॉस्को अशा वळशाने येत होती. कीव्हच्या बातमीदाराचा आवाज त्यात क्वचितच असे.

युद्ध सुरू होताच युक्रेनच्या मोठ्या वाहिन्यांनी एकत्र येऊन चोवीस तासांचे एकच प्रक्षेपण सुरू केले, ‘येदिनी नोविनी’. शत्रू कीव्हच्या वेशीवर असताना ते योग्य होते. हल्ला कुठे झाला, आसरा कुठे आहे, पूल कोणता उडवला, हे सर्वांना एका जागी कळणे गरजेचे होते. तिसऱ्या वर्षीही तेच चालू ठेवणे योग्य नव्हते. विरोधकांना त्यात जागा उरली नाही आणि आघाडीवरचे अपयश गुळगुळीत करून सांगितले जाऊ लागले. कीव्हच्या आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संस्थेच्या पाहण्यांत मे २०२२ मध्ये ६९ टक्के लोक या प्रक्षेपणावर विश्वास ठेवत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. ‘सुस्पिल्ने’ची मुख्य वाहिनी त्याच वर्षी त्यातून बाहेर पडली. सोडून गेलेले प्रेक्षक मात्र सगळे चांगल्या पत्रकारितेकडे वळले नाहीत. मोठा लोंढा टेलिग्रामकडे गेला. तिथल्या अनेक वाहिन्यांचा मालक कोण आणि संपादक कोण, हे कोणालाच माहीत नसते. सायरन वाजल्यावर पहिली सूचना तिथे मिळते, म्हणून लोक जातात, आणि सूचनेच्या शेजारीच अफवाही असते. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांच्या कार्यालयीन उपकरणांवर टेलिग्रामला बंदी आली. सामान्य वाचकासाठी हा प्रश्न सुटलेला नाही.

सरकार आणि पत्रकार यांच्यातला ताण युद्धात कमी न होता वाढला. अंड्यांची बातमी देणाऱ्या निकोलोव्ह यांच्या दारावर जानेवारी २०२४ मध्ये अनोळखी माणसांनी लाथा मारल्या आणि देशद्रोही म्हणणारे कागद चिकटवले. घरात त्यांची आई एकटी होती. त्याच आठवड्यात ‘बीहुस.इन्फो’ या शोधपत्रकारितेच्या गटातल्या लोकांचे चोरून केलेले चित्रण कोणीतरी प्रसिद्ध केले. त्या गटाने मग स्वतःवरच्या पाळतीचा शोध स्वतःच लावला. हॉटेलच्या खोल्यांत कॅमेरे बसवणारे देशाच्या सुरक्षा सेवेचेच कर्मचारी निघाले आणि त्या विभागाच्या प्रमुखाला जावे लागले. एप्रिलमध्ये ‘स्लीद्स्त्वो.इन्फो’च्या येव्हेन शुल्हात यांनी त्याच सेवेतल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या कुटुंबाच्या मालमत्तेचा माग काढला. तेव्हा बाजारात गाठून त्यांच्या हातात सैन्यभरतीची नोटीस देण्याचा प्रयत्न झाला. तो अधिकारीही पुढच्या महिन्यात पदावरून गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘उक्राइन्स्का प्राव्दा’ने राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडून पद्धतशीर दबाव येत असल्याचे जाहीर निवेदन काढले. संपादक सेव्हगिल मुसायेवा या क्रिमियन तातार आहेत आणि त्यांचे घर २०१४ पासून रशियाच्या ताब्यात असलेल्या भूमीवर आहे. राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांच्या सरकारवर बोट ठेवणारे लोक रशियाचे मित्र असतात, हा समज मुसायेवा यांच्यासारख्यांकडे पाहिले तरी गळून पडावा.

आणि मग ते लोक, ज्यांनी बातमीसाठी जीव दिला. १ मार्च २०२२ ला कीव्हच्या दूरचित्रवाणी मनोऱ्यावर क्षेपणास्त्र पडले तेव्हा येव्हेनी साकुन हे कॅमेरामन गेले. त्याच महिन्यात छायाचित्रकार माक्स लेविन कीव्हजवळच्या जंगलात मारले गेले. एप्रिलमध्ये ‘रेडिओ स्वोबोदा’च्या व्हिरा हिरिच स्वतःच्या घरी क्षेपणास्त्राने मारल्या गेल्या. मारियुपोलमध्ये मस्तिस्लाव चेर्नोव्ह, येव्हेनी मालोलेत्का आणि वासिलिसा स्तेपानेन्को हे तिघे असोसिएटेड प्रेससाठी काम करत होते. शहराला वेढा पडल्यावर बाहेरच्या जगासाठी बातमी पाठवणारे पत्रकार तिथे फक्त तेच उरले होते. ९ मार्चला प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला, त्याची छायाचित्रे त्यांनीच काढली. ती खोटी आहेत असे रशियाच्या वकिलातींनी जगभर सांगितले. ते तिघे तिथे नसते तर हा खोटेपणा टिकला असता. त्यांच्या कामाला २०२३ मध्ये पुलित्झर मिळाले आणि चेर्नोव्ह यांच्या माहितीपटाला पुढच्या वर्षी युक्रेनचे पहिले ऑस्कर.

विक्तोरिया रोश्चिना यांच्याबद्दल लिहिताना हात जड होतो. त्या झापोरिझ्झियाच्या, ‘उक्राइन्स्का प्राव्दा’सह अनेक ठिकाणी लिहिणाऱ्या स्वतंत्र पत्रकार. मार्च २०२२ मध्ये रशियन सैन्याने त्यांना पकडून दहाएक दिवस ठेवले आणि सोडले. तरीही २०२३ च्या उन्हाळ्यात त्या लांबचा वळसा घालून पुन्हा व्याप्त प्रदेशात शिरल्या. साधे नागरिक जिथे खटल्याविना डांबले जातात, त्या गुप्त तुरुंगांचा शोध त्यांना घ्यायचा होता. त्या स्वतःच तशा तुरुंगात गेल्या, पुढे रशियातल्या तागानरोगच्या कोठडीत. त्या सप्टेंबर २०२४ मध्ये वारल्याचे रशियाने नंतर कळवले. वय २७. फेब्रुवारी २०२५ मध्ये मृतदेह परत आला तो ‘अनोळखी पुरुष’ अशी चिठ्ठी लावून. अंगावर छळाच्या खुणा होत्या आणि शरीरातले काही अवयव काढलेले होते. अनेक देशांतल्या पत्रकारांनी एकत्र येऊन त्यांचे अर्धे राहिलेले काम पुढे नेले.

मोठ्या नावांच्या पलीकडे लिमानचे ‘झोर्या’, ओरिखिव्हचे ‘त्रुदोव्हा स्लावा’, सीमेलगतच्या वेलिका पिसारिव्हकाचे ‘व्होर्स्क्ला’ अशी गावची पत्रे आहेत. त्यांच्या गावांवर तोफा चालतात. वीज नाही, मोबाइलचे टॉवर पडलेले आणि इंटरनेटचा पत्ता नाही. अशा ठिकाणी छापील कागद हेच पोचणारे एकमेव माध्यम असते. निवृत्तिवेतन कुठे मिळेल, रिकामी करायची गावे कोणती, शिध्याची गाडी कधी येईल, कोण गेले आणि कोणाला कुठे पुरले, हे त्यांत असते. गठ्ठे पोस्टाच्या गाड्यांतून आणि कधी संपादकाच्याच मोटारीतून जातात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ‘ख्लिबोरोब’ ज्या शेतकऱ्यासाठी निघाले, त्याच्या पणतूच्या हातात आज ही पत्रे पडतात.

या साऱ्याला पैसा लागतो आणि तिथे युक्रेनची पत्रकारिता खरोखर अडचणीत आहे. युद्धाने जाहिराती संपवल्या. पोकळी भरून काढली ती परदेशी अनुदानांनी आणि त्यांत अमेरिकेचा वाटा मोठा होता. जानेवारी २०२५ मध्ये नव्या अमेरिकी सरकारने ही मदत एका फटक्यात थांबवली, तेव्हा अनेक संस्थांना वाचकांपुढे हात पसरावे लागले. अनुदानावर जगणे ही दुबळी बाजू होतीच, पण धनाढ्य मालक हा त्यावरचा उपाय नाही, हे या देशाने पुरेसे पाहिले आहे. ज्यांनी वाचकांची वर्गणी आधीपासून उभारली, ते धक्क्यात तगले. इतरांना ते आता, बॉम्बखाली शिकावे लागत आहे.

पुढची पाने वाचताना मराठी वाचकाने एक करावे. युक्रेनबद्दल काही कळले की ते तिथल्या माणसाने लिहिले आहे का, हे पाहावे. ‘उक्राइन्स्का प्राव्दा’ आणि ‘कीव्ह इंडिपेंडेंट’ ही दोन्ही पत्रे इंग्रजीत रोज, विनामूल्य वाचायला मिळतात. त्यांत त्यांच्या सरकारच्या चुका असतात, हरलेली गावे असतात आणि सैन्याच्या खरेदीतले दरही असतात.